तळवाशांचा संकोच

घरातील काचेच्या टाकीपुढे बसून जलचरांची लीला पाहणाऱ्या बहुतेक मनुष्यांची दृष्टी पाण्याच्या मध्यभागापर्यंत पोहोचते आणि तेथेच रमून राहते. कारण चपळ, रंगीत आणि सदा भुकेले मासे तेथेच असतात, झाकण उचलले जाताच ते पृष्ठभागाकडे धाव घेतात, आणि या मुक्या प्राण्यांनी आपल्याला ओळखले असे समाधान पाळणाऱ्याला देतात. त्यांच्या खाली, वाळूला पोट टेकून, एखाद्या दगडाच्या कपारीत किंवा वनस्पतीच्या मुळांशी जे मासे दिवस कंठीत असतात, त्यांच्याविषयी मात्र दोन समजुती रूढ झालेल्या आढळतात. पहिली अशी की, ते वरच्या माशांचे उष्टे आणि विष्ठा खाऊन जगतात, सबब त्यांच्यासाठी निराळ्या अन्नाची तरतूद करण्याचे कारण नाही; आणि दुसरी अशी की, ते जात्याच भित्रे व एकलकोंडे असल्यामुळे दिसले नाहीत तरी काही बिघडले असे मानू नये. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांची जोडी तर घातक आहे; कारण पहिलीमुळे मासा उपाशी राहतो, आणि दुसरीमुळे तो उपाशी आहे हे तो मरेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

सफाईचे काम तळाकडे सोपवण्याची कल्पना घरगुती मत्स्यालयाइतकीच जुनी आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपल्या एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याने पाण्याच्या भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली होती. पुढे वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने तळ्यातील गोगलगाई त्या भांड्यात सोडल्या, त्यांनी कुजकी पाने खाऊन पाणी निवळ केले, आणि त्यांची अंडी माशांच्या अन्नाला उपयोगी पडली. गोगलगाईने बजावलेल्या या कामगिरीचा हुद्दा पुढे बाजाराने माशांना देऊन टाकला. आजही आपल्याकडील दुकानांतून तळाचा मासा ‘क्लीनर’ म्हणून विकला जातो, आणि घेणारा त्याला खाऊ घालण्याच्या हेतूने न नेता काच व वाळू स्वच्छ करण्याच्या कामावर नेमून नेतो. वस्तुतः विष्ठेवर जगणारा मासा दुकानात मिळत नाही. खाली पडलेल्या अन्नाचे काही कण तळवासी टिपतात हे खरे, परंतु तेवढ्यावर त्यांचा उदरनिर्वाह होत नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या मलमूत्राने टाकीतील घाणीत भरच पडते.

तळाशी राहणारे मासे एका वृत्तीचे नाहीत आणि एका कुळातले तर नाहीतच. आपल्या बाजारात सामान्यतः मिळणाऱ्यांमध्ये दक्षिण अमेरिकेतील नद्यांचे कोरिडोरास नावाचे छोटे चिलखती कॅटफिश आहेत, ज्यांना शौकीन मंडळी नुसते ‘कोरी’ म्हणतात. आग्नेय आशियातील रानओढ्यांत, पालापाचोळ्याच्या थरात राहणारे, लांबट अंगाचे आणि गडद पट्ट्यांचे कूली लोच आहेत. या माशाचे नाव हाइन्रिख कूल या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाचे स्मरण देते, जो आपला मित्र व्हान हासेल्ट याच्यासह जावा बेटावर संशोधनासाठी गेला आणि १८२१ साली, वयाची चोविशीही न गाठता, तेथेच मृत्यू पावला. आणि यांच्या जोडीला आपल्या सह्याद्रीचा एक मानकरी आहे, तो म्हणजे झेब्रा लोच. पिवळसर अंगावर बारीक काळसर आडव्या पट्ट्यांची नक्षी असलेल्या या बोटभर लांबीच्या माशाचे शास्त्रीय वर्णन सी. आर. नारायणराव यांनी, जे पुढे ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे पहिले संपादक झाले, १९२० साली तुंगा नदीतील नमुन्यांवरून केले. कृष्णेच्या खोऱ्यात, कोल्हापूरकडील नद्यांतही तो आढळतो, आणि पश्चिम घाटाबाहेर जगात कोठेही तो स्वाभाविकपणे राहत नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांत अशा लहानसहान लोचांचे अनेक प्रकार आहेत; त्यांतील एकाचे वर्णन तर फ्रान्सिस डे याने १८७२ साली पुण्याच्या पाण्यातून केले होते. तेव्हा ज्या माशाला आपण परदेशी चैनीची वस्तू समजून टाकीत आणतो, तो पुष्कळदा आपल्याच घाटावरचा रहिवासी असण्याचा संभव असतो.

कुळे भिन्न असली तरी एकाच प्रकारच्या जीवनक्रमाने या सर्वांच्या शरीरांची घडण एका दिशेने केलेली आहे. पोट सपाट, तोंड खालच्या बाजूस वळलेले, आणि तोंडाभोवती मिशांच्या जोड्या. या मिशा शोभेच्या नसून स्पर्श आणि चव या दोन्ही इंद्रियांचे काम करतात. कॅटफिशांच्या बाबतीत तर चव घेणारे सूक्ष्म अंकुर केवळ जिभेवर व मिशांवर नसून सर्व त्वचेवर पसरलेले असतात, आणि वीतभर लांबीच्या एका अमेरिकन कॅटफिशच्या अंगावर त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरते. अंधारात, गढूळ पाण्यात, वाळूखाली दडलेला कृमी हुडकून काढण्यासाठी डोळ्यांपेक्षा ही सामग्री अधिक कामाची आहे. कोरी आपले मुस्कट वाळूत खुपसतो, तोंडात वाळू घेतो, खाद्यकण वेगळे करतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. कोरी आणि पुष्कळसे लोच यांना आणखी एक विलक्षण सोय लाभलेली आहे. पाण्यातील प्राणवायू अपुरा पडला तर ते झटकन पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट गिळतात आणि आतड्याच्या पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अस्तरातून तिच्यातील प्राणवायू शोषून घेतात. म्हणून असा मासा मधूनच वर उसळी घेऊन परत तळाशी गेला तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र सगळेच मासे वारंवार हवा गिळू लागले तर पाणी बिघडले आहे असे खुशाल समजावे. लोचांच्या डोळ्याखाली एक दुफाटी काटा असतो, जो संकटसमयी ताठ उभा राहतो. त्यामुळे ते जाळीत अडकून जखमी होतात, आणि त्यांना जाळीने न धरता एखाद्या भांड्यात हाकून घेणे श्रेयस्कर ठरते.

आता त्यांच्या संकोचाकडे वळू. ज्याला आपण भित्रेपणा म्हणतो तो या माशांच्या दृष्टीने शहाणपणा आहे. ओढ्याच्या उथळ पाण्यात दिवसाढवळ्या उघड्यावर फिरणारा बोटभर मासा खंड्याच्या किंवा बगळ्याच्या भक्ष्यस्थानी पडतो. जो दगडाखाली थांबतो आणि सांज झाल्यावर बाहेर पडतो, तो प्रजा मागे ठेवण्याइतका जगतो. हजारो पिढ्यांनी अशा रीतीने पारखून घेतलेली ही सावधगिरी काचेच्या टाकीत येताच गळून पडावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. वरून पडणारा प्रखर प्रकाश, आडोसा नसलेला तळ, काचेपलीकडे हलणाऱ्या मोठमोठ्या आकृती, आणि अंगावर धावून येणारे दांडगे सोबती, ही सर्व चिन्हे त्याच्या लेखी शत्रूच्या आगमनाची चिन्हे आहेत. म्हणून तो लपतो. आणि लपलेल्या अवस्थेत त्याला भूक नसते असे नव्हे, तर भुकेपेक्षा भय बलवत्तर ठरलेले असते. याचा अर्थ असा की, अशा माशाला खाऊ घालण्याची पहिली पायरी अन्नाची नसून भयनिवारणाची आहे.

या माशांच्या श्रवणशक्तीविषयी येथे दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण तिच्याविषयीच्या अज्ञानामुळे पुष्कळ त्रास अभावितपणे दिला जातो. कॅटफिश, लोच आणि रोहू-कटल्याचे कुळ या सर्वांमध्ये पोटातील वाताशय आणि अंतःकर्ण यांना जोडणारी लहान हाडांची एक साखळी असते, जिचा शोध अर्न्स्ट हाइन्रिख वेबर याने १८२० साली लावला. पाण्यातील ध्वनिलहरींनी वाताशय कंप पावतो आणि ते कंपन या हाडांवाटे कानापर्यंत पोहोचते. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी मासे बहिरे असतात असे मत बाळगणारे विद्वान होते. मधमाश्यांच्या भाषेबद्दल ज्याला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले त्या कार्ल फॉन फ्रिशने या मताचे निराकरण एका तळवासी माशाकरवीच केले. नेत्रहीन केलेला एक लहानसा कॅटफिश त्याने टाकीत ठेवला होता, जो तळाशी ठेवलेल्या नळीत दिवसभर दडून बसे. फ्रिश त्याला अन्न देण्यापूर्वी शीळ घाली, आणि काही दिवस हा शिरस्ता पाळल्यावर तो मासा अन्नाची वाट न पाहता केवळ शिळेच्या आवाजाने नळीतून बाहेर येऊ लागला. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने मासे ऐकतात हे सिद्ध झाले. पण मासे पाळणाऱ्याने त्यातून आणखी दोन बोध घ्यावेत. एक, ज्यांचे कान इतके तिखट आहेत त्यांच्या टाकीच्या काचेवर बोटाने टकटक करणे, किंवा ती टाकी ध्वनिवर्धकाशेजारी अगर धाडकन आपटणाऱ्या दाराजवळ ठेवणे, हा त्यांच्यावर जुलूम आहे. आणि दुसरा असा की, अत्यंत संकोची मासाही ठरावीक संकेत, ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा यांच्यावर विसंबण्यास शिकतो, व जेथे असा भरवसा निर्माण होतो तेथे तो आपण होऊन बाहेर येतो.

नवशिक्या पाळणाऱ्याच्या मनात येते की, मासा दिसत नाही तर लपण्याच्या जागा कमी कराव्यात, म्हणजे तो नाइलाजाने समोर येईल. परिणाम नेमका उलट होतो. आडोसा हिरावलेला मासा एका कोपऱ्यात अंग चोरून बसतो, त्याचा रंग फिका पडतो, श्वास जलद होतो आणि अन्नाकडे तो पाहतही नाही. याउलट टाकीत जागोजागी आसऱ्याची सोय असली, आणि कोणत्याही क्षणी दोन हातांच्या आत एखादे बीळ गाठता येईल अशी खातरजमा झाली, म्हणजे तोच मासा भर दिवसा निर्धास्तपणे हिंडताना दिसतो. यासाठी फार खर्च करावा लागत नाही. नारळाची स्वच्छ घासून उकळलेली अर्धी करवंटी, एका बाजूने दार कोरून पालथी घातली की उत्तम गुहा होते. कडा घासून गुळगुळीत केलेले मातीचे कौल, पाण्याच्या नळाचे लहान तुकडे, वाळूवर पक्के बसवलेले गुळगुळीत गोटे, आणि जावा फर्नसारख्या सावलीत तगणाऱ्या वनस्पती हेही तितकेच उपयोगी पडतात. मुंबईतील आवारांत आणि कोकणातील अंगणांत उभ्या असणाऱ्या देशी बदामाच्या झाडाची आपसूक गळून वाळलेली पाने धुऊन तळावर पसरली, तर कूली लोचाला त्याच्या मूळ ओढ्यातील पाचोळ्याचे छत्र मिळते. त्या पानांतील द्रव्यांनी पाणी किंचित चहाच्या रंगाचे व सौम्य आम्लधर्मी होते, आणि प्रकाशाची धारही बोथट होते. पाण्याच्या पृष्ठभागावर थोड्या तरंगत्या वनस्पती सोडल्या म्हणजे हाच हेतू वरूनही साधतो. मात्र हवा गिळण्यासाठी वर येणाऱ्यांना थोडी जागा मोकळी राहील अशी दक्षता घ्यावी.

तळाची वाळू ही या माशांची शय्याही आहे आणि शेतही आहे. टोकदार, भडक रंगवलेली खडी दुकानात शोभून दिसते, परंतु तिच्यावर सतत घासून मिशा दुखावतात, त्या जखमांवर घाणीतील जिवाणू वाढतात, आणि मिशा हळूहळू झिजून गेलेला कोरी अन्न हुडकण्याचे आपले मुख्य साधनच गमावून बसतो. एक मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीची, गोलसर कणांची, धुऊन स्वच्छ केलेली नदीची वाळू तीन ते पाच सेंटिमीटर थराने पसरावी. कूली लोच तिच्यात स्वतःला पुरून घेतात, आणि एखादे दिवशी त्यांचे फक्त डोळे वर दिसले तरी चिंता करू नये. झेब्रा लोच तर कधीकधी विश्रांतीसाठी कुशीवर आडवे होतात आणि नवख्या मालकाला मेल्याचा भास घडवतात.

आडोशाइतकेच महत्त्व सोबतीला आहे. कोरी, कूली आणि झेब्रा हे तिन्ही समूहाने राहणारे मासे आहेत. एखादा दुसरा नग शोभेपुरता आणणे म्हणजे त्याला जन्मभर एकांतवासाची शिक्षा देणे होय. सहा किंवा त्याहून अधिक एकाच जातीचे मासे एकत्र असले म्हणजे एकाची हिंमत दुसऱ्याला मिळते, पहिला बाहेर पडलेला सुखरूप आहे हे पाहून इतर निघतात, आणि लोचांमध्ये जी मानापमानाची उतरंड असते तिचा भार एकाच दुबळ्यावर पडत नाही. वरच्या थरात शांत स्वभावाचे, थव्याने पोहणारे रास्बोरासारखे लहान मासे असले तर त्यांचा निवांत संचार पाहून तळवाशांनाही वर धोका नसल्याची ग्वाही मिळते. उलट मोठे सिक्लिड किंवा इतरांचे अन्न हिसकावणारे धटिंगण मासे सोबतीला ठेवले, तर पुढील सर्व उपाय फोल ठरतात.

आता अन्नाचा प्रश्न. टाकीत अन्न वरून पडते, म्हणजे तळाचा मासा पंगतीच्या अगदी शेवटच्या टोकाला बसलेला असतो, जेथे वाढपी पोहोचेपर्यंत परात रिकामी झालेली असते. आणि यजमानाने मधल्यांच्याच पानांत अधिकाधिक वाढत जावे, त्याप्रमाणे वर आणखी तरंगते खाद्य टाकीत राहण्याने त्याची भूक भागत नाही, उलट न खाल्लेल्या अन्नाने पाणी मात्र नासते. याला तोडगा म्हणजे वेळ, जागा आणि अन्नाचा प्रकार या तिन्ही बाबी तळवाशांच्या सोयीने ठरवणे. वरच्या माशांना त्यांचे अन्न सायंकाळी, दिवे चालू असताना, टाकीच्या एका टोकाला द्यावे आणि ते तृप्त होऊ द्यावेत. त्यानंतर टाकीचा दिवा मालवून अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, खोलीत मंद उजेड ठेवावा, आणि दुसऱ्या टोकाला, गुहांच्या जवळ, बुडणारे अन्न सोडावे. मधल्या मधे ते कोणी झडपू नये म्हणून दोन बोटे रुंदीची एक स्वच्छ काचेची अगर प्लास्टिकची नळी पाण्यात उभी धरून तिच्यातून गोळ्या खाली सोडण्याची युक्ती फार गुणकारी आहे. तळाशी एक उथळ मातीची बशी ठेवली तर अन्न वाळूत रुतत नाही आणि उरलेले उचलणेही सुकर होते. वेळ आणि जागा एकदा मुक्रर केली की ती बदलू नये. फ्रिशच्या माशाला जे शिकण्यास काही दिवस लागले, ते आपल्या माशांना शिकण्यास थोडे अधिक लागले तरी धीर सोडू नये.

अन्नात विविधता असावी. तळवाशांसाठी तयार केलेल्या, बुडणाऱ्या गोळ्या आणि चकत्या हा रोजचा आधार; आठवड्यातून दोनतीनदा गोठवलेले ब्लडवर्म किंवा आर्टेमिया वितळवून, धुऊन द्यावेत; स्वच्छ मातीतून काढलेले, काही तास ओल्या कापडात ठेवून मग धुऊन बारीक चिरलेले गांडूळ हे तर लोचांचे पक्वान्न आहे, आणि कितीही बुजरा मासा त्याच्या वासाने बाहेर येतो. जिवंत ट्यूबिफेक्स आपल्याकडे स्वस्त आणि सर्वत्र मिळतात, परंतु ते पुष्कळदा सांडपाण्यातून गोळा केलेले असतात आणि त्यांच्याबरोबर रोगही घरात येतात. ते टाळलेले बरे. झेब्रा लोच हा गोगलगाईंचा शत्रू आहे; वॉरिंग्टनने ज्या प्राण्याला सफाईवर नेमले होते त्याच प्राण्याचा हा फडशा पाडतो, आणि ज्या टाकीत छोट्या गोगलगाईंचा सुळसुळाट झाला असेल तेथे तो उपयुक्तही ठरतो; मात्र गोगलगाई संपल्यावर त्याचे अन्न संपले हे विसरता कामा नये. शेवाळ खाणाऱ्या ॲन्सिस्ट्रससारख्या माशांना वाफवून मऊ केलेल्या काकडीच्या किंवा दोडक्याच्या चकत्या रात्री द्याव्यात आणि सकाळी उरलेला भाग काढून टाकावा. दोन तासांत जे संपत नाही ते जास्त झाले, हे प्रमाण प्राणिज अन्नासाठी सामान्यतः पुरते.

अन्न पोहोचते की नाही याची परीक्षा करण्यासाठी माशाला पाहणे हाच मार्ग आहे, आणि दिवे मालवल्यावर विजेरीचा प्रकाश भिंतीवर टाकून त्याच्या परावर्तित उजेडात पाहिले तर मासे बिथरत नाहीत. खाणाऱ्या माशाचे पोट बाजूने किंचित गोलसर दिसते. उपाशी माशाचे पोट आत ओढलेले, पाठ धारदार, आणि डोके अंगाच्या मानाने मोठे दिसू लागते. भरपूर खाऊनही मासा वाळतच राहिला तर पोटात कृमी झाल्याची शंका घ्यावी, जी रानातून पकडून आणलेल्या लोचांमध्ये वारंवार खरी ठरते. अशा वेळी जाणत्या पशुवैद्याचा सल्ला घेऊन कृमिनाशक द्यावे. नवीन मासे मुख्य टाकीत लगेच न सोडता तीनचार आठवडे वेगळ्या, साध्या पण आडोशाच्या टाकीत ठेवावेत. तेथे स्पर्धा नसल्यामुळे ते खाण्यास शिकतात, आणि रोग असल्यास तेथेच उघड होतो.

हे सर्व व्यवस्थित असूनही पाणी वाईट असेल तर मासा टिकणार नाही, आणि वाईट पाण्याचा जमाखर्च प्रथम तळाशी मांडला जातो. उरलेले अन्न आणि विष्ठा यांतून अमोनिया निर्माण होतो. सर्गेई विनोग्राडस्की याने १८९० साली ज्यांचा छडा लावला त्या जिवाणूंच्या कुळातील सूक्ष्म जीव गाळणीत आणि वाळूत वस्ती करून अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ही वस्ती जमण्यास चारसहा आठवडे लागतात. तेवढा अवधी न देता नव्या टाकीत लोच सोडणे हे त्यांच्या मृत्यूचे नेहमीचे कारण आहे. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, बदलताना वाळूवरील घाण नळीने शोषून घ्यावी, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन नाहीसे करूनच ते टाकीत घालावे. मुंबईला तलावांतून येणारे पाणी मृदू असल्याने ते बहुतेक तळवाशांना मानवते. देशावर विंधनविहिरीचे पाणी वापरणाऱ्यांनी मात्र त्याचे जडत्व तपासून घ्यावे. कूलीला २४ ते २८ अंशांचे कोमट, संथ पाणी रुचते, तर झेब्रा लोच वाहत्या नदीचा मासा असल्यामुळे त्याला २३ ते २६ अंशांचे, चांगले खेळते पाणी आणि भरपूर प्राणवायू हवा. गाळणीच्या तोंडाला बारीक जाळी किंवा स्पंज बसवावा, कारण कूली लोच अरुंद फटीतून आत शिरतात. झाकण घट्ट असावे, कारण ते टाकीबाहेरही निसटतात.

औषधांच्या बाबतीत एक ताकीद विसरू नये. लोचांचे खवले अत्यंत सूक्ष्म असल्यामुळे तांबे, मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मालिन यांसारखी द्रव्ये त्यांना इतरांपेक्षा अधिक बाधतात. आणि दुर्दैवाने पांढऱ्या ठिपक्यांचा रोग याच माशांना लवकर जडतो. या रोगाचा परजीवी माशाच्या कातडीखाली असेपर्यंत औषधाला दाद देत नाही, पाण्यात मोकळा पोहत असतानाच तो मरतो; म्हणून तापमान हळूहळू वाढवून त्याचे जीवनचक्र वेगवान करणे, हवेचा पुरवठा वाढवणे, आणि औषध द्यायचेच तर अर्ध्या मात्रेने पुष्कळ दिवस देणे, ही रीत अनुभवी मंडळींनी मान्य केलेली आहे.

येथवर टाकीतील गोष्टी झाल्या. पण झेब्रा लोचाच्या बाबतीत टाकीपूर्वीची हकीकतही सांगितली पाहिजे. हा मासा आज धोक्यात आलेल्या जातींमध्ये गणला जातो. धरणे, वाळूउपसा आणि प्रदूषण यांनी त्याच्या नद्या आक्रसल्या, आणि त्यात व्यापाराची भर पडली. २००५ ते २०१२ या काळात भारतातून संकटग्रस्त जातींच्या गोड्या पाण्यातील किमान १५ लाख माशांची निर्यात झाली, असे संशोधकांना आढळले, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा असलेल्या मोजक्या जातींमध्ये झेब्रा लोच होता. घरगुती टाकीत तो क्वचितच प्रजा वाढवतो. म्हणून तो घेण्यापूर्वी तो कृत्रिम प्रजननातून आलेला आहे की नदीतून उपसून आणलेला, ही चौकशी करावी, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पैदास केलेल्या कोरींवर संतोष मानावा. याच्या अगदी उलट प्रकारचे नुकसान ‘सकर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दक्षिण अमेरिकन माशाने केले आहे. वीतभर असताना आणलेला हा मासा हातभर वाढतो, मग मालक कंटाळून त्याला तलावात नेऊन सोडतो, आणि आज देशातील अनेक जलाशयांत त्याने आपले ठाणे मांडून देशी माशांच्या वहिवाटीवर अतिक्रमण केले आहे. एका माशाला आपण नदीतून काढून टाकीत घातले आणि दुसऱ्याला टाकीतून काढून नदीत सोडले. दोन्हीकडे चूक एकच झाली, ती म्हणजे तळाच्या माशाला स्वतःच्या गरजा आणि स्वतःचे आयुष्य असते याचा विचारच कोणी केला नाही.

हे आयुष्य लहान नसते. नीट सांभाळलेले लोच दहा वर्षांहून अधिक जगतात, म्हणजे त्यांना घरी आणणारा मनुष्य शाळकरी मूल असेल तर ते त्याच्या महाविद्यालयाच्या दिवसांपर्यंत त्याची सोबत करतात. वरच्या थरातील माशांची भरभराट पाहून टाकी उत्तम चालली आहे असा निष्कर्ष काढणे सोपे असते, कारण ते अन्नाजवळ असतात आणि आपल्या नजरेजवळही असतात. व्यवस्थेतील उणीव मात्र प्रथम तळाशी साचते आणि तिची किंमतही प्रथम तळवासीच देतात. म्हणून टाकीत आणखी एखादा सुंदर मासा आणण्याचा मोह होईल तेव्हा आधी दोनतीन रात्री तळाच्या माशांची पोटे पाहावीत. ती भरलेली दिसली तर खुशाल दुकानाची वाट धरावी; ती खपाटीला गेलेली दिसली तर नव्या माशासाठी काढलेले पैसे मऊ वाळूवर, चार करवंट्यांवर आणि बुडणाऱ्या गोळ्यांवर खर्च करावेत.